सहा भोकं माझी

नाव: व्हर्ना होल्मक्विस्ट. वय: ५८ वर्षे. धंदा: पॅराशूट शिवणे, तपासणे, घडी घालणे, शिवाय हेल्मेटला कॅमेरा बसवून देणे. राहणार: धावपट्टीच्या उत्तरेचं पत्र्याचं घर, साल्टर्स बेंड, कॅलिफोर्निया. दिनांक २० ऑक्टोबर १९९२, मंगळवार, सकाळी सव्वादहा.

मी समक्ष हजर राहून, स्वखुशीने आणि दोनदा समोर केलेली कॉफी नाकारून सांगते की, ग्रँट हॅलोरन याने शनिवारी या ठाण्यात माझ्या हेल्मेटबद्दल दिलेली खबर खोटी आहे. जबाब लिहून घेणारे डेप्युटी बेनाविडेस म्हणाले, हे वाक्य शेवटी घेऊ. ते इथेच राहील.

हॅलोरन हा आमच्या उड्यांच्या मैदानाचा मालक. विमान त्याचं, धावपट्टी त्याची, माझी शिवणाची खोलीही त्याच्याच शेडमध्ये. मी तिथे एकोणीस वर्षं काम करते. मॅन्युएल सिल्व्हेरा, वय २८, ज्याला सगळे मॅनी म्हणतात, तो डोक्यावर कॅमेरा लावून उडी मारतो आणि गिऱ्हाइकांचं हवेत चित्रीकरण करतो. शनिवारी तो माझं हेल्मेट घालून पडला. सध्या जिल्हा रुग्णालयात आहे. मांडी मोडली आहे, जबडा तारेने बांधला आहे, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. याचा फायदा कोण घेतंय ते पुढे येईलच.

हॅलोरनचं म्हणणं असं की, म्हातारीने घरी बनवलेलं डबडं हवेत आपोआप सुटलं, त्याच्या धक्क्याने मॅनीचं पॅराशूट बिघडलं. म्हणून अशी सगळी हेल्मेटं जप्त करावीत. त्यावर माझं सांगणं खालीलप्रमाणे.

मी बर्फावरच्या हॉकीचं हेल्मेट घेते, कारण ते हलकं असतं आणि कापता येतं. त्यात कारखान्याची हवेची भोकं असतात. त्यात पॅराशूटची दोरी अडकू शकते, म्हणून ती मी आधी बुजवते. मग मी सहा भोकं पाडते. चार डोक्यावरच्या कॅमेऱ्याच्या पट्टीसाठी, दोन डाव्या डोळ्यासमोरच्या नेम धरायच्या कडीसाठी. सातवं कधी नाही. प्रत्येक भोकाची कड घासून तिला लाल नेलपॉलिश लावते, म्हणजे तडा जात नाही आणि स्क्रू ढिला होत नाही. डेप्युटींनी विचारलं, नेलपॉलिशच का. म्हटलं, नखांना कधी लावलं नाही, निदान इथे तरी लागू दे.

हनुवटीच्या पट्ट्याची दोन टोकं एका वाकड्या पिनेने जोडलेली असतात. त्या पिनेला पिवळ्या फितीची कडी. कडी ओढली की पीन कडीसकट हातात येते, पट्टा उघडतो आणि हेल्मेट डोक्यावरून निघून जातं. ते निघावं म्हणूनच मी ते तसं बनवते. दोरी कॅमेऱ्यात अडकली तर माणसाला डोकं सोडवून घ्यायला दोन-तीन सेकंद असतात. माझं हेल्मेट हवं असेल त्याला माझ्या खुर्चीत बसून, हातमोजे घालून, डोळे मिटून दहा वेळा कडी ओढून दाखवावी लागते. नऊ वेळा जमलं तर पुन्हा एकपासून. मॅनीला तीन दिवस लागले होते.

डेप्युटींनी विचारलं की, पट्टा पक्का शिवून टाकला असता तर हेल्मेट पडलंच नसतं, मग तसं का केलं नाही. त्याचं उत्तर याच ठाण्यात आहे. एप्रिल १९७९. आर्विड होल्मक्विस्ट, वय २२, माझा मुलगा. त्याच्या हेल्मेटचा पट्टा मी पक्का शिवला होता. दोरी अडकली आणि पट्टा निघाला नाही. बाकीचं तेव्हाच्या जबाबात आहे, तो काढून वाचावा. मी पुन्हा सांगणार नाही.

आता मोज्याबद्दल. कॅमेऱ्याचं हेल्मेट विमानात चढण्याआधी मी त्यावरून बायकांचा नायलॉनचा लांब मोजा फिरवते. पुढून मागे, मागून पुढे, दोन्ही बाजूंनी. मोजा जिथे अडकेल तिथे दोरी अडकणार. मग मी तिथे घासते किंवा चिकटपट्टी लावते. मोजा फिरल्याशिवाय हेल्मेट वर जात नाही, हा आमच्या मैदानाचा रिवाज आहे. नवे लोक आधी हसतात. नंतर स्वतःहून माझ्यापुढे डोकं वाकवून उभे राहतात.

शुक्रवारी, दिनांक १६ रोजी, दुपारी चारच्या सुमारास हॅलोरन माझ्याकडे आला. त्याला त्याच हेल्मेटवर फोटोचा दुसरा कॅमेरा हवा होता, कारण गिऱ्हाइकं आता चित्रीकरणाबरोबर फोटोही मागतात. त्याने कॅमेरा टांगायचा एक लोखंडी हात आणला होता, माझ्या वितीएवढा, टोकाला बोटांनी पिळायचा कानाचा बोल्ट. हेल्मेटच्या उजव्या बाजूला बसव म्हणाला. मी म्हटलं, हा बाहेर येतोय, दोरीला पकडायला आयताच. बसवणार नाही. तो आठ माणसांसमोर म्हणाला, "आल्या आजीबाई मोजा घेऊन. अहो, हेल्मेट आहे ते, नवरीची वेणी नाही." लोक हसले. मॅनीही हसला, पण खाली बघून. मी म्हटलं, "तुला एवढी फोटोंची हौस आहे ना, मग तुझ्या टकलावर बसव आणि तूच मार उडी." आणि वर हेही म्हटलं की उद्या मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही, तुझं तू बघ.

शनिवारी मी बोलल्याप्रमाणे वागले. सकाळी सातला खोलीत गेले, खिडकीचा पडदा ओढला, रेडिओ मोठा केला आणि एक जुनं पॅराशूट उसवत बसले. ते उसवायची काही गरज नव्हती. साडेबाराच्या सुमारास मॅनीने दार वाजवलं. म्हणाला, "अगं म्हातारे, अजून फुगलेलीच का? मी वर चाललोय. दार तरी उघड." हेल्मेट त्याच्या काखेत असणार. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर तो लोखंडी हात मला दिसला असता. हॅलोरनची चूक हॅलोरनच्या नावावर लिहा, ही माझ्या नावावर लिहा.

एक वाजून वीस मिनिटांनी बाहेर आरडाओरडा झाला म्हणून मी बाहेर आले. मॅनीचं पॅराशूट अर्धंच फुललेलं होतं आणि तो गरगर फिरत होता. माझ्या अंदाजाने हजार फूट. मग हेल्मेट त्याच्यापासून वेगळं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच्या मागोमाग पॅराशूट पूर्ण उघडलं. आधी पॅराशूट अडलं, मग हेल्मेट सुटलं, मग पॅराशूट उघडलं. हॅलोरनने हा क्रम उलटा सांगितला आहे. उघडलं ते फार खाली, दोऱ्यांना पीळ तसाच, त्यामुळे मॅनी बदामाच्या बागेत आपटला.

मॅनी दक्षिणेला बागेत पडला. हेल्मेट पूर्वेला घासाच्या शेतात पडलं. आम्ही अकरा माणसं दक्षिणेकडे धावलो. हॅलोरन गाडी काढून पूर्वेकडे गेला. एवढं एकच लिहिलं तरी माझा जबाब पुरेसा आहे, असं मी म्हटलं. डेप्युटी म्हणाले, मॅडम, विचारलं तेवढंच सांगा. म्हटलं, मग नीट विचारा.

हॅलोरनने हेल्मेट अडीच वाजता ठाण्याच्या माणसांच्या हाती दिलं. मधला तासभर ते त्याच्याकडे होतं. चित्रीकरणाचा कॅमेरा मोडलेला होता, आत टेप नव्हती. फोटोचा कॅमेरा आणि लोखंडी हात नव्हताच. हॅलोरन म्हणतो, असलं काही कधी बसवलंच नव्हतं.

रविवारी मी रुग्णालयात गेले. मॅनीने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ते मी जसंच्या तसं सांगते: "फोटोचा कॅमेरा त्याने सकाळी लावला. मी विचारलं. तो म्हणाला व्हर्नाने बघितलंय, मोजा फिरवून झालाय." तुझा शब्द असल्यावर मी आणखी काय विचारणार, हे त्याने खाली वेगळं लिहिलं. मग उशीखालून एक गोष्ट काढून माझ्या हातात ठेवली. नर्स म्हणाली, आणलं तेव्हा याची मूठ उघडत नव्हती, शेवटी हातमोजा कापावा लागला. ती पिवळी कडी होती, पिनेसकट. ती आज मी ठाण्यात जमा करत आहे. हेल्मेट आपोआप सुटलं असतं तर पीन पट्ट्यातच राहिली असती. त्याने ती ओढली. डोळे मिटून ओढायला मी शिकवलं होतं.

मला हे आजच का लिहून हवंय, ते सांगते. हॅलोरनने रविवारीच मैदानाच्या फळ्यावर लिहून लावलं की व्हर्नाची हेल्मेटं आपोआप सुटतात. काल कॅमेरावाल्यांपैकी दोघांनी आपापल्या पिवळ्या कड्या कापून पट्टे रिव्हेटने पक्के केले. मोठ्या अभिमानाने मला दाखवायला आले होते. येत्या शनिवारी मैदानावर साठ माणसांची एकत्र उडी आहे आणि कॅमेरे लावून पाच जण वर जाणार आहेत. पाचही हेल्मेटं माझी. माझी बदनामी गेली खड्ड्यात. त्या पाच जणांचे पट्टे उघडले पाहिजेत.

माझ्या मागणीवरून जप्त केलेलं हेल्मेट टेबलावर आणण्यात आलं. डेप्युटींनी माझ्यासमोर भोकं मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठ. सहांच्या कडेला लाल नेलपॉलिश आहे. उजव्या बाजूच्या दोहोंना नाही, आणि ती बोथट ड्रिलने घाईत पाडलेली आहेत. लोखंडी हात काढून लपवता येतो, भोकं कुठे लपवणार? डेप्युटी म्हणाले, ही दोन भोकं आधीचीही असू शकतील. म्हणून मी पिशवीतून मोजा काढला. सहा भोकांवरून फिरवला, सरळ गेला. उजवीकडे नेला तो पहिल्याच भोकाच्या कुसळाला अडकला. मी डेप्युटींना म्हटलं, तुम्ही ओढून बघा. त्यांनी आधी बोटांनी ओढला, मग उभं राहून ओढला. मोजा फाटला, धागा भोकात राहिला. माझ्या हातून असं हेल्मेट बाहेर जात नाही, हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही. तो धागा तसाच ठेवून हेल्मेटला मोहोर लावावी अशी माझी मागणी आहे. ती मान्य झाली.

हॅलोरनने मला मैदानावर यायला बंदी केली आहे. इथून उठल्यावर मी तिथेच जाणार आहे. ती दोन हेल्मेटं ताब्यात घेऊन त्यांचे रिव्हेट मी स्वतः छाटणार आहे, आणि शनिवारी सकाळी विमानाच्या दारात मोजा घेऊन उभी राहणार आहे. हेही लिहून घ्यावं, म्हणजे त्याची पुढची तक्रार लिहायला तुम्हाला सोपं जाईल.

वरील मजकूर डेप्युटी बेनाविडेस यांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. आर्विडच्या परिच्छेदाशी ते थांबले. मी म्हटलं, वाचा पुढे. त्यांनी वाचलं. सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे. मी दार उघडलं नाही, तेही बरोबर लिहिलं आहे.

सही: व्हर्ना होल्मक्विस्ट