रादोयेआजोबांचा घास

ग्रीसमधल्या कॉर्फूच्या धक्क्यावर, विदो बेटावरच्या स्मृतिसोहळ्याला नेणाऱ्या नावेसाठी आम्ही सर्बियन लोक रांगेत उभे होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात आमचे सैनिक खंगून इथवर आले आणि हजारोंनी याच समुद्रात दफन झाले. माझ्यापुढे एक आजी होती आणि तिची नात.

“आजी, लोकांनी फुलं आणलीत, राकिया दारूच्या बाटल्या आणल्यात. तुझ्या थर्मासात काय?”

“सूप. माझ्या रादोयेआजोबांना.”

“मंत्र्यांचं भाषण चालू असताना तू समुद्रात सूप ओतणार?”

“भाषणानं कुणाचं पोट भरलंय?”

“मग पाव तरी आणायचास. उपासमारीनं गेले ना ते?”

“उपासानं नाही गं. बर्फातले डोंगर ओलांडून धड पोचले होते. इथं कुणीतरी मायेनं डबाभर मांस खायला दिलं, ते रिकाम्या आतड्यांना सोसलं नाही. माझी आजी मरेपर्यंत म्हणायची, मी जवळ असते तर थोडं थोडं सूप पाजलं असतं.”

नाव धक्क्याला लागली.

“आण तो थर्मास इकडे. जड आहे.”

“धर. पण भसकन ओतू नकोस हं.”

“नाही गं. चमचा आणलायस ना?”