टेबलाची दुसरी बाजू

सर : ...आणि हसून सांगायचं. रडका चेहरा घेऊन आत जाऊ नकोस.

हूकवाली : पण सांगायचं काय, सर?

सर : सगळे सांगतात तेच. सर शिकवतात, हातात सुरी देतात, आम्ही समाधानी आहोत. सर्जनांच्या कॉलेजचे परीक्षक आहेत ते, पोलीस नाहीत. चहा पितील, शिक्का मारतील, जातील.

हूकवाली : दोन वर्षांत सुरी दिलीत कुठे? हूक दिलात. पोट उघडं धरायचं आणि बघत राहायचं. सिस्टरसुद्धा मला हूकवाली म्हणतात.

सिस्टर : प्रेमानं म्हणते हो, डॉक्टरीणबाई! मला कशाला मध्ये ओढता?

सर : बघूनच शिकतात. आम्हीही तसेच शिकलो. आणि कॉलेज म्हणजे तरी काय? ना वर्ग, ना फळा. परीक्षा घेतं, विभागाला मान्यता देतं. शिकवणारा मी.

हूकवाली : शिकवता की नाही, तेच तर बघायला आलेत.

सर : मान्यता गेली तर तुझी ही दोन वर्षं धरणार नाहीत. शेवटच्या परीक्षेला बसशील कशी? बाळंतपणानंतर तुला परत घ्यायला सगळे नाही म्हणत होते. मी घेतलं.

हूकवाली : घेतलंत. त्याच हुकावर. घरी पाळण्याच्या दोरीवर टाके-गाठींचा सराव करते मी. आता दोरी कमी आणि गाठीच जास्त आहेत.

सर : अगं, तान्ही पोर घरात. तुझ्यावर भार नको म्हणून...

हूकवाली : पोर तान्ही आहे, सर. मी नाही.

सिस्टर : चला, आत बोलावतायत!

(थोड्या वेळानं, थिएटरबाहेरच्या बाकावर.)

सर : काय बोललीस?

हूकवाली : आधी बोलायची वेळच आली नाही. रिकाम्या टेबलापाशी नेलं. म्हणाले, पेशंट झोपलाय असं समजा. अपेंडिक्स काढायचंय, उभ्या राहा. राहिले.

सर : मग? तेवढं येतं तुला.

हूकवाली : डाव्या बाजूला.

सिस्टर : अगंबाई! ती तर मदतनिसाची जागा.

हूकवाली : पाय आपसूक तिकडेच गेले.

सर : मग चुकलं म्हणायचं आणि वळसा घालून पलीकडे जायचं!

हूकवाली : परीक्षकांतल्या एक बाईही तेच म्हणाल्या. घाबरला असाल, पुन्हा सुरुवात करा. मी म्हटलं, घाबरले नाही. मला कायम इथंच उभं केलंय. पलीकडून पोट कसं दिसतं, ते ठाऊकच नाही.

सर : स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस! आणि माझ्याही.

हूकवाली : त्यांनीही विचारलं, हे लिहिलं तर तुमची वर्षं जातील, कळतंय ना? म्हटलं, कळतंय. उद्या माझी लेक पोट धरून आली, तर मी तिला माझ्या हाती देणार नाही. मग लोकांच्या लेकी कोणत्या तोंडानं घेऊ? लिहा.

सिस्टर : आई गं.

सर : म्हणजे मान्यता गेली?

हूकवाली : अजून नाही. सहा महिने दिलेत. मग परत येणार, न कळवता, थेट थिएटरमध्ये. माझी वर्षं धरायची की नाही, तेही तेव्हाच ठरणार.

सर : चारचौघांत नाक कापलंस माझं.

सिस्टर : सर, रागवा नंतर. पेशंट आत घेतलाय. अपेंडिक्सच आहे. हूक कुणाला देऊ?

सर : कुणाला म्हणजे? हिला.

हूकवाली : नाही, सर.

सर : नाही म्हणजे?

हूकवाली : आज उजवीकडे मी उभी राहणार. तुम्ही समोर राहा. चुकेन तिथं ओरडा, हात धरा, थांबवा. पण शिकवा.

सर : आणि हूक काय भिंत धरणार?

हूकवाली : दोन वर्षं मी धरलाय, सर. फार जड नसतो.

सिस्टर : सर, तुमचे हातमोजे कुठल्या बाजूला उघडू?