मेढीची जागा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. आता घटकाभर हात नकोत, कान पाहिजेत!

एक प्रश्न विचारतो. माणूस नियमासाठी, का नियम माणसासाठी?

"नियम माणसासाठी!" — वा! एका सुरात बोललात! एवढं पाठ आहे, तर मघाशी देवळाच्या दारात चपलांच्या रांगेवरून कोण भांडत होतं? हसू नका! नाव घेत नाही मी. पुढेच बसलेत ते!

आता जरा अवघड विचारतो. आपण सोसायटीत घर घेतो. दार आपलं, दारावरची पाटी आपली. आणि गॅलरीत चादर वाळत घातली की खालून आवाज — "ओ, चादर आत घ्या!" मग घर कुणाचं? बरं, तो आवाज देणारा नसला तर? तर चार मजल्यांवर चादरी, जिन्यात कचरा, आणि पाण्याच्या मोटरवरून रोज महाभारत! नियम असला तर जाच, नसला तर बोंब. मग सुखात राहायचं कुणी आणि कसं?

घर माझे म्हणता म्हणता, दार कुणाचे झाले?
नियम राखता राखता, माणूसपण कुठे गेले?

ऐका तर!

सांगलीत, विश्रामबागेच्या पुढे एक सोसायटी होती. नाव सहवास. चार मजले, खाली गाड्या, एक लिफ्ट. आणि या सगळ्याचे सेक्रेटरी होते पुरुषोत्तम आवटी. आयुष्य गेलं एस.टी.त! स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे — "कवठेमहांकाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे!" निवृत्त झाले, स्टँड सुटला, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. सोसायटीत कुणी गाडी वाकडी लावली — फुर्रर्र! पोरांचा चेंडू भिंतीवर आपटला — फुर्रर्र! बायको म्हणायची, "अहो, जेवताना तरी काढून ठेवा ती."

पण मंडळी, एका बाजूनं बोलू नये. आवटी येण्याआधी त्या सोसायटीत काय होतं? लिफ्ट बंद, टाकी रिकामी, आणि अंगणात पावसाळाभर गुडघाभर चिखल. या माणसानं लिफ्ट चालू केली. पाण्याच्या वेळा बांधल्या. कृष्णेला महापूर आला तेव्हा याच शिट्टीवर सोसायटीचा स्वयंपाक एका चुलीवर आणला, खालच्या मजल्याची माणसं वरच्या घरांत नेऊन ठेवली. कुणी उपाशी झोपलं नाही! तेव्हा ती शिट्टी सगळ्यांना सनईसारखी गोड वाटली. पूर ओसरला, आणि परत कर्कश झाली. माणसाची जात!

पूर ओसरल्यावर आवटींनी अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. स्वतः उन्हात उभे राहिले, डोक्यावर टॉवेल टाकून. आणि नियम केला — ब्लॉकला कुणी हात लावायचा नाही. का? तर एक ब्लॉक निघाला की शेजारचे हलतात. खरं आहे! चूक काय यात? काही नाही. ध्यानात ठेवा, नियम चुकीचा नव्हता.

तळमजल्यावर शालन हसबे राहायच्या. नवरा लवकर गेलेला. शिवणाच्या मशीनवर पोरगी वाढवली, उज्ज्वला. तिचं लग्न ठरलं. तशा शालनवहिनी आवटींकडे आल्या. दारातच उभ्या.

"भावजी, उज्ज्वलीची मेढ रोवायची हाय. दारापुढचा एकच ब्लॉक काढू द्या. लगीन झालं की मी परत बसवून घेते."

आता तरुण मंडळी इथं बसलीत, म्हणून सांगतो. मुहूर्तमेढ म्हणजे काय? लग्नाआधी दारापुढे एक खांब रोवतात. आंब्याचा डहाळा बांधायचा, पिवळ्या फडक्यात सुपारी नि हळकुंड बांधायचं, सुवासिनींनी हळदकुंकू वाहायचं. मांडवाचा पहिला खांब तो! तो रोवला की लग्नघर उभं राहिलं. तो जमिनीतच रोवायचा असतो.

आवटी काय म्हणाले?

"वहिनी, नियम म्हणजे नियम. आज तुमचा ब्लॉक, उद्या पाटलांचा, परवा कुणीतरी बोअर मारेल! बादलीत लावा. मुंबई-पुण्यात सगळे बादलीतच लावतात."

शालनवहिनी गेल्या. रंगाची रिकामी बादली आणली, वाळू भरली, मेढ लावली. दुपारी वैशाखाचा वारा सुटला — आणि बादली आडवी! नेमक्या तेव्हाच वराकडच्या दोन बायका फाटकातून आत येत होत्या. त्यांच्या पायापाशी मेढ! एक दुसरीला म्हणाली, "अगं बाई, हे काही बरं न्हाई."

शालनवहिनींनी ऐकलं. वाळू हातानं गोळा केली, मेढ उभी केली, वर पाहिलं नाही. आवटी फाटकाशीच उभे होते. त्यांनीही ऐकलं. शिट्टी वाजवली नाही, पुढे झाले नाहीत, लिफ्टमध्ये शिरले आणि वर गेले. सगळ्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते.

पोरीचं काय झालं? काळजी करू नका! छान चाललंय तिचं. बादलीवर का कुठं संसार ठरतात? पण आईच्या काळजात जे रुतलं ते रुतलं.

आता काळाची गंमत बघा. पुढे तीन-चार वर्षांनी आवटींच्या केतकीचं लग्न ठरलं. बायको इंदुमती म्हणाली, "माझ्या पोरीची मेढ जमिनीत."

"अगं, पण नियम—"

"नियम तुमचा आहे. पोरगी दोघांची आहे."

झालं! जे सबंध सोसायटीला जमलं नाही, ते इंदुमतीनं एका वाक्यात केलं. आवटींच्या तोंडातली शिट्टी तोंडातच!

चेअरमन पाटील आले. हळूच म्हणाले, "आवटीसाहेब, सेक्रेटरी तुम्हीच. दुपारी सगळे झोपले की काढू एक ब्लॉक. कोण विचारतंय?"

सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा!

आवटी म्हणाले, "नाही. जो नियम वहिनींना लागला, तो मला लागतो. बदलायचा तर सभा बोलवा." माणूस कडू होता, पण खोटा नव्हता! असे लोक मला आवडतात. त्यांच्या घरी जेवायला जाऊ नये, पण तिजोरीची किल्ली खुशाल त्यांच्याकडे द्यावी.

तर सभा लागली. आता सोसायटीची सभा कशी असते, हे मी तुम्हाला सांगू? निम्मे सभासद जमेपर्यंत सुरू होत नाही. ते कधीच जमत नाहीत! मग अर्धा तास थांबायचं, आणि जे असतील त्यांच्यावर सभा उरकायची. म्हणून शहाणे लोक अर्ध्या तासानंतरच येतात — बटाटेवडा गरम असतो तेव्हा! ब्लॉकचा नियमसुद्धा असाच पास झालेला. चार डोकी, हात वर, चटणी वाढा!

पण त्या दिवशी? वेळेआधी पार्किंग भरलं! माणसं स्कूटरवर बसली, जिन्यात बसली. आवटींना भरून आलं. वाटलं, माझ्या केतकीसाठी सगळे आले!

अहो, कसले केतकीसाठी? सगळे आले होते हिशोब चुकता करायला!

तिसऱ्या मजल्यावरचे चौगुले उठले. "आमच्या कुरडया गच्चीवरून खाली आणायला लावल्या होत्या तुम्ही. ओल्या कुरडया! सगळा चिखल झाला. तेव्हा कुठं गेली होती सभा?" दुसरा उठला, "आमचे मेव्हणे दिवाळीला आले, तर त्यांच्या गाडीला साखळी!" आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बादली घ्या आवटी, बादली! मुंबई-पुण्यात सगळे बादलीतच लावतात!"

काय हशा पिकला म्हणता!

आवटींनी शिट्टी मुठीत धरली. आपलंच वाक्य आपल्याच तोंडावर आलं. एवढ्या ताठ माणसाला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. ब्लॉकचं राहू दे, पण पोरगी सासरी निघेल तेव्हा या अंगणात कोण उभं राहणार? कुणी पाण्याचा पेला तरी आणून देईल का? सगळं आयुष्य गर्दीत काढलेल्या त्या माणसाला पहिल्यांदा कळलं, की आपण एकटे आहोत.

पाटलांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूनं?" एकही हात नाही. इंदुमतीचा वर गेला, तर पाटील म्हणाले, "वहिनी, एका घराला एकच मत. आणि साहेबांनी अजून हात वर केलेला नाही!" "विरुद्ध?" — उसाच्या फडासारखे हात उभे राहिले! आवटींचं घर सोडलं तर सगळे. फक्त शालनवहिनींचा नाही.

"वहिनी, तुमचं काय?"

शालनवहिनी उठल्या. पदर खोचला.

"माझी मेढ पडली तवा मला लई राग आला हुता. भावजींचा न्हवं. तुमचा."

हशा थांबला.

"भावजींनी न्हाई म्हटलं, ते माझ्या तोंडावर म्हटलं. तुमी समदी गॅलरीत हुता. एक जण खाली उतरला न्हाई. नियम काय एकट्यानं हुतो व्हय? तो करताना तुमी घरात टीव्ही बघत हुता. आज ह्येंच्यावर सूड उगवायचा म्हणून यळंवर आला. माझ्या पोरीसाठी अशीच एक सभा का न्हाई भरली?"

चौगुले खाली बसले. ज्यानं बादली म्हणून आरोळी दिली होती, तो खांबाआड सरकला.

"ब्लॉक काढा," शालनवहिनी म्हणाल्या. "एकट्या केतकीसाठी न्हवं. फाटकाजवळ एक जागा कायमची मोकळी ठेवा. ह्या सोसायटीत ज्याच्या घरी लगीन, त्यानं तिथं मेढ रोवायची. एरवी वर झाकण घाला, मग शेजारचं हलणार न्हाईत. झालं का भावजी, नियमात बसतंय का?"

आवटींनी मान हलवली. आणि मंडळी, तो ठराव एकमतानं पास झाला, वडे यायच्या आधी!

पाहिलंत? घागर डोक्यावर नीट बसावी म्हणून आपण खाली चुंबळ ठेवतो. नियम म्हणजे चुंबळ. चुंबळ नसली तर घागर डुलते, पडते. पण घागर फेकून नुसती चुंबळ डोक्यावर मिरवली, तर लोक हसतील नाही तर काय? आवटी चुंबळ मिरवत होते. आणि बाकीचे? त्यांनी घागर उचलायलाही कधी हात लावला नव्हता. दुसऱ्यानं उचलावी, आणि सांडली की आपण ओरडावं!

इथं मी गोष्ट संपवली असती. पण अजून एक बाकी आहे.

मेढीचा दिवस उजाडला. फाटकाजवळचा ब्लॉक निघाला, खाली काळी माती दिसली. सगळी सोसायटी जमली. चौगुल्यांनी आंब्याचा डहाळा आणला, स्वतःहून! गुरुजी म्हणाले, "सुवासिनींनी पुढे यावं." बायका पुढे झाल्या. आणि शालनवहिनी आपल्या दारापाशी मागे सरकल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही. आपणहून सरकल्या. स्वतःच्या पोरीच्या मेढीचं हळदकुंकूही त्यांनी असंच लांबून पाहिलं होतं.

आवटींनी हे पाहिलं. यावेळी लिफ्टकडे गेले नाहीत. हळदकुंकवाचं ताट उचललं आणि थेट वहिनींच्या दारात.

"वहिनी, मेढीला पहिलं हळदकुंकू तुमचं."

एकदम कुजबुज! आवटींची थोरली बहीण पुढे आली. "पुरुषोत्तमा, हे चालायचं नाही. रीत आहे!"

"अक्का, ही रीत कुठल्या सभेत पास झाली?"

"रीतीला कुठं सभा असते?"

"मग मोडायलाही नको."

शालनवहिनींनी हात मागे घेतले. "नगो भावजी. उद्या पोरीचं काय वाईटवंगाळ झालं, तर बोल माझ्यावर यील."

तेव्हा केतकी आली. तिनं वहिनींचा हात धरला. "काकू, मला तुम्हीच पाहिजे. चला."

आणि मंडळी, त्या बाईनं मेढीला हळद लावली. कुंकू लावलं. रडली. इंदुमती रडली. चौगुले तर सगळ्यात जास्त रडले! आवटींसारखा कडक माणूस, जन्मभर एक नियम मोडला नाही त्यानं. मोडला तो हा एक!

आता तुमच्याकडे वळतो. सुटलो म्हणू नका!

सोसायटीचे नियम फळ्यावर असतात. आवडले नाहीत तर सभेला जा, हात वर करा, भांडा. घरी बसून कुरकुरू नका. पण जे नियम कुठल्याच फळ्यावर नाहीत, त्यांचं काय? कुणी मागे बसायचं, कुणी पुढे यायचं नाही, कुणाला ओलांडून ताट न्यायचं — हे कुणी ठरवलं? तुम्ही होतात का त्या सभेला? नव्हतात! मी नव्हतो. तरी आपण सगळे अगदी शिस्तीत पाळतो!

या देवळात मागच्या भिंतीला टेकून काही आया-बहिणी बसल्यात. दर वर्षी बसतात. हळदीकुंकवाचं ताट पहिल्या रांगेपासून सुरू होतं, आणि तिथं पोचायच्या आत आरती सुरू होते. दर वर्षी.

हे ताट माझ्याजवळ आहे. आज ते मागून सुरू होईल. मी आरती सुरू करत नाही.

ताट न्यायला कोण उठतंय? ... मी थांबतो.