बूट काढा, म्हणे!

हॅलो? … हॅलो, कोण? … शेवंताबाय? बोल गो. … नाही, मोकळीच आहे. आत्ताच आले मोप्याहून, रुद्रेशला विमानतळावर सोडून. गाडीची चावी अजून हातात आहे बघ.

… हो, गेला. परत गेला. … का नाही जाणार? काम आहे ना त्याचं.

… काय म्हणालीस? … थांब, पंखा बंद करते, नीट ऐकू येत नाही. … हं, बोल.

… कुठला व्हिडिओ? … अच्छा. म्हणजे तुमच्या मांद्र्यापर्यंत पोचला तो. … तुमच्या गेस्टहाऊसवाल्यांच्या ग्रुपवर? आणि खाली काय लिहिलंय? … वाच ना. लाजतेस कशाला, वाच. … 'डिचोलीच्या दारुड्याचा विमानतळावर तमाशा'. शाबास!

… मी शांतच आहे. … नाही, ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे आज.

… काय विचारलंस? परत विचार. … घेतली होती का? बाय, तुझा सख्खा भाऊ तो! तू विचारतेस मला, घेतली होती का? काजूच्या दिवसांत निरो, बोंडांचा गोड रस, पितो एवढाच. फेणीचा वास आला तरी उठून बाहेर बाल्कांवात, ओट्यावर जाऊन बसतो, हे मी सांगायचं तुला?

… मग ओरडत का होता? हातात बूट का होता? हां, आता कसं बरोबर विचारलंस. सांगते. … हो, हो… अगं ऐक ना! मधे बोलू नको.

तो दर आठवड्याला विमानात बसतो. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं, कुठे कुठे खाणींवरच्या मशिनी दुरुस्त करायच्या. … ठाऊक आहे तुला, हो. गावभर सांगत असतेस, माझा भाऊ विमानाने फिरतो म्हणून. पण त्या फिरण्यात काय असतं, ते कधी विचारलंस?

बूट असतो त्यात. बूट!

एका ठिकाणी म्हणतात, बूट काढा. दुसऱ्या ठिकाणी, राहू दे, राहू दे, पुढे चला. एकाच विमानतळावर या आठवड्यात काढायला लावतात, आणि पुढच्या वेळी आपणहून काढले तर वर तोंड करून विचारतात, तुम्हाला कुणी सांगितलं काढायला, रांग अडवता ती! या रांगेतल्याने काढायचे आणि शेजारच्या रांगेतला बूट खटखटवत सरळ आत. … नाही गो, लिहिलेलं कुठे असतंय? समोर जो उभा असेल त्याच्या मनात येईल तो नियम. तुझ्यामाझ्यासारखीचं काय, चप्पल काढली, ट्रेमध्ये टाकली, पलीकडे जाऊन घातली. पण रुद्रेशने काय करायचं?

… हां. आलं ना लक्षात? बहीण असून तुला एवढा वेळ लागला, त्याचंच नवल वाटतं मला.

अर्धा पाय आहे बाय त्याला. सुर्ल्याच्या खाणीवर टिपर ट्रकखाली गेला, डॉक्टरांनी पुढचा सगळा भाग काढला, तू होतीस तेव्हा बांबोळीला, इस्पितळात, माझं तर लग्नही झालं नव्हतं. बुटात पुढे रबर भरलेलं, तळाला लोखंडाची पट्टी. तो बूट नाही, तो पायच आहे त्याचा. काढला की टाचेवर उभा राहतो, वाऱ्यावरच्या माडासारखा.

… मोप्याला? नाही, मोप्याला तसं कधी झालं नाही. आजही झालं नाही. मी काचेबाहेर थांबले होते, आतून फोन केला त्याने. तो वाकला बूट काढायला, तर तिथल्या बाईने हातानेच सांगितलं, राहू दे. गेला आत. … तिकडे झालं ते, मधे विमान बदलतो ना, त्या मोठ्या विमानतळावर. गेल्या शुक्रवारी. घरी यायला निघाला होता.

ऐक. रांगेतच त्याने विचारलं, बूट काढू काय? पहिला म्हणाला, गरज नाही. हा गेला तपासणीच्या चौकटीतून. पट्टी लोखंडाची, वाजणारच ती. तिथला दुसरा खेकसला, बूट का काढला नाही? याने सांगितलं, तुमच्याच माणसाने नको म्हटलं. तर तो म्हणतो, मला शिकवतोस? काढ!

… आहे गो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट खिशातच असतं. पुढे केलं त्याने. बघितलं कोणी? म्हणाला, बसून काढतो, एक खुर्ची द्या. खुर्ची नाही म्हणे. आणि एवढी मोठी रांग मागे, त्यातला एकजण ओरडतोय, आमचं विमान सुटेल, आटप!

काढला त्याने. उभ्या उभ्या, मेजाला धरून. बूट ट्रेमधून गेला आत, आणि याला सांगितलं, चल, पुढे ये. ती फरशी कशी, आरशासारखी. मोज्यात अर्धा पाय. किती चालणार?

… पडला.

… हो. पडला, बाय. सगळ्यांच्या समोर. आणि तो गणवेशातला वरून म्हणतो, नाटक करू नको, ऊठ.

… नाही, व्हिडिओत ते नाही. असणारच नाही. व्हिडिओ सुरू होतो तो उठल्यावर.

पुढे ऐक. एकाने बूट आणून दिला त्याच्या हातात. घालायला लागला तर तो म्हणतो, थांब, मोजा पण काढ, आत काय लपवलंयस बघू दे. तेव्हा… तेव्हा काढला त्याने मोजा. आणि ओरडला, 'बघा! घ्या, बघा! सगळे बघा!' तेच ते 'बघा, बघा', ज्याला तुमचा ग्रुप हसतोय. ज्याने फोन धरला होता ना, त्याने तोंड घेतलं, बूट घेतला, पण खाली पाय नाही घेतला मेल्याने.

लग्नाला किती वर्षं झाली आमच्या, बाय. माझ्यासमोरसुद्धा मोजा काढत नाही तो. दार लावून घेतो. आणि तिथे…

… नाही, थांब जरा. … हं. बोलते.

… मग काय, एक मोठ्या हुद्द्याची बाई धावत आली. चांगली होती ती. खुर्ची आली, पाणी आलं, व्हीलचेअरसुद्धा आली. रुद्रेश म्हणाला, व्हीलचेअर नको, माझं मला चालता येतं, तुमच्या माणसांनी एकदा ठरवा, बूट काढायचा की नाही. तिने हात जोडले. तोपर्यंत विमान गेलं. दुसऱ्या दिवशी आला घरी, आणि मला काय सांगितलं? विमान रद्द झालं म्हणून! काल भात जेवता जेवता एकदम हात थांबला आणि मग बोलला सगळं.

… कंपनीने? त्यांनीही पाहिला व्हिडिओ. साहेबाने फोन केला. पण त्याने आधी विचारलं तरी, काय झालं रुद्रेश? ऐकून घेतलं. म्हणाला, नको जाऊ थोडे दिवस. हाच म्हणाला, जातो. आज नाही गेलो तर परत कधीच त्या चौकटीतून जाऊ शकणार नाही. गेला मग आज.

… तेच विचारायला फोन केला होतास ना? भावाची विचारपूस करायला? … मग? … बोल ना, अडखळतेस का?

… रविवारी? रविवारी तुझ्या सेजलचा साखरपुडा, ठाऊक आहे. साडी काढून ठेवलीय मी. त्याने सेजलसाठी तिकडून… काय?

… परत बोल.

… 'मामा नाही आला तरी चालेल.' कोणाला चालेल? … होणाऱ्या जावयाच्या, ओंकारच्या घरच्यांनी व्हिडिओ पाहिला? बरं. मग? … त्यांना वाटलं दारू पितो. बरं. आणि तू काय सांगितलंस त्यांना?

… शेवंताबाय, मी विचारते, तू काय सांगितलंस?

… काहीच नाही?

… 'कामाचा ताण असतो त्याला, कधी कधी घेतो.' असं सांगितलंस! तुझ्या तोंडाने!

… पायाचं का नाही सांगितलंस? … का म्हणजे? पायाचं सांगितलं असतंस तर झालं असतं ना सगळं! … काय? … लग्न ठरवताना सांगितलं नव्हतं, म्हणून आता कसं सांगायचं? … लोक काय म्हणतील? अगं, टिपरखाली गेलेला पाय तो, रक्तातून येतो काय सेजलच्या पोरांत? … म्हणजे दारुडा मामा चालतो तुला, पण लंगडा मामा चालत नाही!

… रडू नको. नाही, रडू नको म्हणते ना. मला राग आलाय, तुझ्या रडण्याने तो जायचा नाही. तो विमानतळावरचा माणूस परका, बाय. त्याला रुद्रेश कोण, काय, ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

… त्याला सांगू? हे त्याला सांगू, तुझी बहीण असं म्हणते? मी नाही सांगणार. मोजा काढला त्याने सगळ्या जगासमोर, ते झेलून आज परत गेला. पण हे कळलं तर उठणार नाही तो, एवढं सांगते.

… कोण बोलतंय तिथे? कोणाचा आवाज? … ओंकारचे आईवडील आलेत? आत्ता? … हॉलचं ठरवायला. आणि तू कुठे आहेस? … स्वयंपाकघरात, चहा टाकून. त्यांना बाहेर बसवून, आत येऊन मला सांगतेस, मामाला आणू नको!

… नाही. नाही ठेवणार मी फोन. आणि तूही ठेवायचा नाही. बाहेर जा. … हो, आत्ता. फोन हातात घेऊनच जा. … काय सांगू म्हणजे? खरं ते सांग. … मी काही मधे बोलणार नाही. मी फक्त ऐकते इथून. जा, बाय. तुझा भाऊ आहे तो.

…

… हं.

… ऐकू येतंय.

… मोठ्याने. पुटपुटू नको. … 'पायाला थोडं लागलं होतं' नाही! अर्धा पाय. अर्धा पाय म्हण.

… हं. … हो, सुर्ला सांग. … पडला ते सांग. मोज्याचं सांग.

…

… हॅलो? बाय? … काय झालं? काय म्हणतात ते?

… कोण? … कोण बोलतंय? … ओंकारची आई? नमस्कार… हो, मी गौरवी. सेजलची मामी. … नाही, तुमची चूक नाही. तुम्हाला जे दाखवलं ते तुम्ही बघितलं. … हो, ते घरी नाहीत. कामावर गेले आज.

… काय? … नाही, ऐकलं मी. … दुखतं का, म्हणून विचारता?

… हो. दुखतं. विमान वर गेलं की जास्त. सूज येते. तिथे बूट सैल करून बसतात.

… नाही, नाही… रडत नाही मी. ते असंच. इतक्या लोकांनी तो व्हिडिओ बघितला, इतके फोन आले, हे कोणी विचारलंच नव्हतं हो.

… येणार ना. दोघंही येऊ. … सेजलला साखरेचा पुडा मामाच्या हातून? ओंकारचे बाबा, गोकुळदासभाऊ म्हणतायत? … सांगते त्यांना. उतरले की लगेच सांगते. … हो, हो. द्या, तिच्याकडे द्या.

… हं, बाय. ऐकलं मी. … बरं. … बरं केलंस.

… नाही. ते झालं ते चांगलं झालं. पण तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही माझा. रविवारी येईन, जेवेन, फोटोत हसेनसुद्धा. पण राग आहे. … असू दे. जाईल तेव्हा जाईल.

… चहा उतू जात असेल तुझा. जा, बघ. ठेवते.