कार्डावरची सरूबाई

(२००६ सालचा फाल्गुन. भीमाशंकरच्या रस्त्याला, डोंगराच्या पोटात एक घर. एका नवऱ्याच्या दोन बायका, थोरली सरूबाई आणि धाकटी रत्ना. मुलगा बाळू दिल्लीला पलटणीत. नवरा जाऊन सात वर्षं झाली. भांडण अजून धडधाकट आहे.)

सरूबाई : ट्रंकेत न्हाई, उतरंडीत न्हाई, देवाच्या पाटाखाली न्हाई. कुठं ठिवलंस कारड?

रत्ना : कंचं कारड?

सरूबाई : येड पांघरून पेडगावला जाऊ नगं. मतदानाचं.

रत्ना : हाय माझ्यापाशी. तुला कशाला पायजे, आक्का?

सरूबाई : फोटूचं सरकारी कारड दावल्याबिगर विमानात बसू देत न्हाईत. बाळूनं फोनवर चारदा सांगितलं. तिकिटावर सरूबाई भागू लोहकरे, मग कारडावर बी तेच पायजे.

रत्ना : तेच हाय की. नाव तुझं, फोटू माझा.

सरूबाई : म्हायतीये मला.

रत्ना : मग जा घिऊन. तिथल्या पोलिसानं इचारलं, म्हातारे, ही कारडावरची बाई कोण, तर सांग, सवत हाय माझी.

सरूबाई : त्या दिवशी मी तापानं पडले नसते तर मीच बसले असते फोटूला.

रत्ना : पर पडलीस. आन् साळंत फोटूवाला त्या येकाच दिवशी आलेला. मालक म्हणले, सरूचं नाव पुकारलं की तूच जाऊन बस, सरकारला दोन-दोन बायका कशाला दावायच्या. बसले बाई. मला वाटलं, चला, माझं बी कायतरी झालं. कारड आल्यावर दुकानदार गेणभाऊनं वाचून दावलं, तर खाली तूच.

सरूबाई : यादीत तुझं नावच नव्हतं, त्याला मी काय करू?

रत्ना : कशात व्हतं माझं नाव? रेशनकार्डात तू. पोराच्या पलटणीच्या कागदात आई म्हणून तूच. कळा मी काढल्या आन् नाव लागलं तुझं. आता विमानाच्या तिकिटावर बी तूच. लई जळतं माझं. तोंडावर सांगते.

सरूबाई : आन् माझं काय गार पडतं? पोरगं तापलं की रातभर उशाला मी बसायची. डोळं उघडलं की पयलं तुझ्या पदरात घुसायचं. का, तर दूध तुझं.

रत्ना : पर आई म्हणतो तुला. मला निस्तं बाय.

सरूबाई : ते मीच शिकवलं त्याला. बोलायला लागला तवा.

रत्ना : म्हायतीये मला. परवा घोडेगावला गेलतीस ना तू?

सरूबाई : दवाखान्यात.

रत्ना : आपल्या गावचा जानकू त्याच यष्टीत व्हता. तहसिलीच्या रांगंत बघितली म्हणला तुला.

सरूबाई : गेलते बाई. फोटू बदलायला. साहेब म्हणला, अर्ज करा, नवीन कारड यायला दोन म्हयनं तरी लागतील.

रत्ना : आन् विमान कवा?

सरूबाई : येत्या बेस्तरवारी. सुनेची बाळंतपणाची तारीख त्याच्याफुडं चार दिवस.

रत्ना : म्हंजी तुला जाता येत न्हाई.

सरूबाई : हास. पोटभर हासून घे.

रत्ना : हासत न्हाई. मी जाते. तोंड तर माझंच हाय कारडावर.

सरूबाई : तिकीट माझ्या कनवटीला हाय. चुलीत घालीन, पर माझ्या नावावर तुला जाऊ द्यायची न्हाई.

रत्ना : घाल. त्यो सकाळच्याला परेडला जाईल, बाळंतीण दिल्लीत येकटी पडंल. तिला शेक कोण देईल, बाळाला न्हाऊ कोण घालील? आन् आपुन दोघी हितं येकमेकीच्या उरावर बसून ऱ्हाऊ.

सरूबाई : मग मी काय करू म्हणतीस?

रत्ना : हे घे तुझं कारड. तुला सापडू नये म्हणून चार दिस चोळीत घिऊन हिंडते. बाळूला फोन लाव, दुसरा कंचा कागूद चालतो का इचार. चालला तर तू जा. पर कुणीतरी जा.

सरूबाई : किती हासलीस गं ह्यात.

रत्ना : फोटूवाला म्हणला, हासू नका. मला आवरंना. जल्मातला पयला फोटू.

सरूबाई : रत्ने.

रत्ना : काय?

सरूबाई : तिकीट काढायच्या आदी बाळूचा फोन आलता. गेणभाऊच्या दुकानात. म्हणला, बायला धाडून दे. बाळंतिणीचं तिच्यावानी कुणाला जमत न्हाई.

रत्ना : मला?

सरूबाई : मी सांगितलं, तिला गाडी लागती. यष्टीत बसली की वकती. माझंच नाव घाल.

रत्ना : मला कवा गाडी लागली?

सरूबाई : तुला न्हाई लागत. मला लागती.

रत्ना : त्यानं मला बोलावलं व्हतं. आन् म्हयनाभर तू गप बसलीस.

सरूबाई : बसले. म्हणलं, पोरगं तिचं, आता नातू बी पयला तिच्याच मांडीवर जायाचा. मग मी कशाची आजी?

रत्ना : आक्का, तुला काय म्हणावं तेच कळंना.

सरूबाई : मागनं म्हण. आता ऐक. हे तिकीट, हे कारड, येकाच पिशवीत ठिव. तिथं नाव पुकारतील, तवा ओ म्हणायचं. इसरलीस तर विमान जाईल निघून. म्हणून बघ. सरूबाई!

रत्ना : जीभ वळत न्हाई माझी.

सरूबाई : अकरा वर्सं माझ्या नावानं मत टाकलंस, तवा बरी वळली. सरूबाई!

रत्ना : ओ.

सरूबाई : मोठ्यानं. मी अशी पुटपुटत न्हाई.

रत्ना : ओ! आन् तिथं पलटणीतल्या बायांनी इचारलं, बाळूच्या आई का तुमी, नाव काय तुमचं, तर?

सरूबाई : तवा रत्ना सांग. माझं तेवढं येताना माघारी आण.