सुताच्या चकतीची तोटी

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील सन्मान्य पाहुणे, ज्यांच्या बदलीमुळे आपण आज जमलो ते नळखात्याचे गोपीनाथराव ओव्हरसियर, चिकाच्या पडद्याआडच्या माताभगिनी आणि समस्त ठाणेकर मंडळी,

साहेबांचे गुण थोरांनी वर्णिलेच. मी नळजोडणीचा माणूस. शाळेत शिकलो नाही, पाहून शिकलो. सांध्यात ताग ठासावा, शिसे ओतावे, निवल्यावर ठोकून बसवावे. माझा सांधा पाझरला असे गावात कुणी म्हणून दाखवावे! मात्र माझ्याच अंगणातली तोटी गळते. हसा, हसा. त्याला कारण साहेब!

रस्त्यापासून घरापर्यंत चर मी स्वतः खणला, नळ पुरला. पाणी आले, पण आमचे कुटुंब घागर पुढे करीना. "तोटीत चामड्याची चकती आहे ना? ते पाणी देवाला घालू?" आणि निघाली विहिरीवर. मी समजावले, रागावलोही. साहेबांच्या कानी गेले. ते आले, आमच्या ओट्यावर बसून सूत वळले, खोबरेल पाजून त्याची चकती केली.

मी म्हणालो, "साहेब, ही गळणार."

"गळू द्या हो. वहिनी पाणी भरतील ना?"

आतून आवाज आला, "तोटी गळली तर खाली अळू लावीन. यांची कुरकुर गळते, तिच्याखाली काय लावू?"

अळू लावले. गेल्या चैत्रात भाचीच्या लग्नाला ती कळव्यास माहेरी गेली. तिथे नळ कुठला? विहीरच. पटकी झाली. मी पोचलो तेव्हा म्हणाली, "आपल्या नळाचं आणा हो." घरी येऊन तांब्या भरला, पुन्हा खाडी ओलांडली. महाराज, ते पाणी तुळशीपत्राने मुखी घालावे लागले.

आता मंडळी म्हणतात, हरकत घेणारे कोण उरले? चामडे बसव, नाहीतर नवे साहेब गळकी जोडणी तोडतील. नियम योग्य आहे. मीच इतरांना तो सांगत आलो. तरी गोपीनाथराव, जाण्यापूर्वी नव्या साहेबांच्या कानावर एवढे घाला, की ती चकती आपल्या हातची आहे. तेवढी राहू द्यावी.

साहेबांचे उपकार मानतो. बोलण्यात उणेअधिक झाले असेल ते पोटात घालावे. आणि हो, अळू फार माजले आहे, घरी खाणारा मी एकटा. ज्यांना हवे त्यांनी खुशाल तोडून न्यावे. तोटीला मात्र हात लावू नये.