चौकशीला आलेला शिपाई

सर, फसवलंत आम्हाला! महागाई का वाढते ते वर्गात शिकवलंत. पण तेच चौकात बोललं तर काय होतं, ते सांगितलं नाहीत.

अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मला सरकारी नोकरी मिळत होती. फक्त पोलिसांचा चांगला शेरा हवा होता. आणि मी तर महिन्यापूर्वीच गांधीबागेच्या चौकात हातठेल्यावर उभा राहून महागाईवर भाषण ठोकलेलं! तुम्ही हसता, पण चौकशीला पोलीस शिपाई खरोखरच दारात आला!

त्याने मला नीट न्याहाळलं. "काय गा, गांधीबागेत तूच बोंबलून राहिला होता ना?"

खोटं बोलावं तर तत्त्व जातं, खरं बोलावं तर नोकरी.

"हो," मी कसाबसा म्हणालो.

"सरकारविरुद्ध?"

"साठेबाजांविरुद्ध."

"मंग? लोक भडकले काय?"

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या काकू मान वर न करताच म्हणाल्या,

"काहून भिऊन राहिले साहेब? त्याचं घरात कोणी ऐकत नाही, चौकात कोन ऐकन?"